नाक्यावर बंद पडणारी मोटार

लढाईच्या दिवसांत मी येरमाळ्याहून बार्शीला माणसं नेणारी सर्व्हिस मोटार चालवायचो. येरमाळा निजामाच्या मुलखात, बार्शी इंग्रजाच्या. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथं मोटार उभी करायची, जमादार एकेक गठुडं सोडून बघणार, मग पुढं. आणि आमच्या मोटारीला नेमकं उभं राहणंच जमत नव्हतं. पळताना ठणठणीत, पण नाक्यावर पाय सैल केला की दोनदा थरथरायची आणि फुसकन बंद. मग मी खाली उतरून पुढून हँडल मारायचो. जमादार मिशीत हसायचा, "क्या ड्रायवरसाब, बेगम फिर रूठ गई?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. प्लग घासले, पॉइंट पुसले, हवेचा स्क्रू पिळून पिळून बोटं सोलली. शेवटी कार्बुरेटर उघडला, तर तळाला राखाडी गाळ. उभ्या मोटारीला पेट्रोल ज्या केसाएवढ्या भोकातून मिळतं, ते भोकच बुजलेलं. फुंकून साफ केलं की चार दिवस झकास, पुन्हा रडगाणं सुरू.

माझं डोकं मुळातच गरम. बार्शीच्या पेट्रोलवाल्याला जाऊन चारचौघांत झापलं, "माती विकतोस का रं?" त्यानं उलट मोटारीच्या मालकाचे कान भरले. म्हणे, तुमचा ड्रायव्हरच चोरून पेट्रोल विकतोय आणि वर भेसळ करतोय. पेट्रोल तेव्हा परमिटवर, तेही मिळालं तर नशीब. मालकाला ते पटलं. मला बोलावून म्हणाले, "बाजारच्या दिवशी मोटार जर बंद पडली, तर हँडल हितं ठिवायचं आन् घर गाठायचं. चोर मला नको." चोर! तो शब्द जेवताना घासागणिक आठवायचा. दुसरी मोटार त्या रस्त्याला नव्हती, आणि चोर म्हणून हाकललेल्या माणसाच्या हातात कोण देणार हँडल?

मालक लिंगायत वाणी. त्यांच्या म्हाताऱ्या आईला सगळे अव्वा म्हणायचे. सकाळी मोटार काढायच्या आधी अव्वा मला भाकरी खायला लावायच्या, नको म्हटलं तरी. "उपाशी माणसाच्या हातात लोकांचा जीव देऊ न्हाय," म्हणायच्या.

बाजारच्या दिवशी मी लवकर आलो. आदल्या दिवशीच कार्बुरेटर साफ करून ठेवला होता. मोटारीखाली शिरून नट आवळत होतो, तेवढ्यात अव्वांची पावलं दिसली. टाकीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मान बाहेर काढून बघतो तर अव्वा मुठीतला अंगारा टाकीत सोडत होत्या! माझं टाळकंच सरकलं. ओरडणारच होतो, तेवढ्यात त्यांचं पुटपुटणं कानावर आलं, "महादेवा, हिला बरं कर. पोराची भाकर जातीय रे."

हातातला पाना खाली ठेवला. मी बाहेर आलो. "अव्वा, ह्ये काय करायलाव?"

"बैल आजारी पडला की अंगारा तोंडात घालतोच की. हिचं तोंड हेच न्हवं? तू हितूनच पाजतूस. आधी चिमूटच घालत हुते. हिला गुण येईना, म्हणून आताशा मूठ घालते."

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. "अव्वा, हिला अंगारा पचत न्हाई वो." काल कार्बुरेटर पुसलेल्या फडक्यावरचा राखाडी गाळ दाखवला. त्यांनी बोट लावलं, चोळून बघितलं आणि मटकन पायरीवर बसल्या.

"मालकाला ह्यातलं काय बी सांगू नका," मी म्हणालो. मालकांची जीभ फार तिखट. आईलाही सोडायची नाही.

तोवर बाजारची माणसं गठुडी घेऊन बसली. टाकी रिकामी करायला वेळच उरला नाही. मालक आले. मी हँडल मारलं, मोटार सुरू झाली, क्षणभर धडधडली आणि सगळ्यांदेखत गपगार झाली. मालकांनी हात पुढं केला. "आण ते हँडल." मी दिलं. एरवी कुणाचं ऐकून न घेणारा मी मान खाली घालून उभा.

"त्याच्याकडं काय बघतूस?" अव्वा पायरीवरून उठल्या. "माझ्याकडं बघ. टाकीत अंगारा म्या घातलाय, रोज. चोर म्हणायचं असंल तर मला म्हण."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मालकांचा चेहरा उतरला. अव्वांनी लेकाच्या हातातलं हँडल काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मुठीला चिकटलेला अंगारा माझ्या कपाळावर ओढला. "तुझ्या पोटावर म्याच पाय देत हुते रे पोरा," म्हणाल्या.

मग टाकी रिकामी करून सगळं पेट्रोल मालकांच्या जुन्या धोतरातून गाळलं. धोतराचं टोक मालकांनी स्वतः धरलं. मी कार्बुरेटर पुन्हा फुंकून साफ केला. बाजारची माणसं उन्हात बसून राहिली, पण कुणी कुरकुरलं नाही.

नाक्यावर मोटार उभी केली. जमादारानं त्या दिवशी एकेक गठुडं निवांत सोडलं. शेवटच्या गठुड्याची गाठ बांधेपर्यंत मोटार जागेवर धडधडत राहिली, आणि मी मात्र स्टेअरिंगवर कपाळ टेकून लहान पोरागत रडत होतो.