भूल दिलेल्या माणसाचं म्हणणं

गावातल्या दाताच्या डॉक्टरांशी आजवर एकाही माणसाचा वाद झालेला नाही, आणि या गोष्टीचं डॉक्टरांना स्वतःलाच भारी कौतुक. कारण साधं आहे. डॉक्टर राजकारणावर तोंड उघडतात तेव्हा समोरच्याचं तोंड आधीच उघडलेलं असतं, आणि त्यात आरसा, कापसाचे तीन बोळे आणि लाळ ओढणारी नळी असते. "काय, पटतंय ना?" डॉक्टर विचारतात. माणूस "आँ" म्हणतो. डॉक्टर तो होकार धरतात.

एवढ्या भांडवलावर ते सुसंवाद मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळात बारा माणसं, बाराही एकाच मताची. दर तिसऱ्या शनिवारी ती जमतात, एकमेकांशी अत्यंत आदरानं सहमत होतात, आणि बिस्किटं खाऊन घरी जातात. विरुद्ध मताच्या माणसालाही बोलवावं असा ठराव दरवर्षी होतो, एकमतानं. मंडळाची पाटी दवाखान्याच्या भिंतीवर आहे: 'मतभेद असावेत, मनभेद नसावेत.' खुर्चीत आडवं झालं की ती बरोबर डोळ्यांसमोर येते. पळून जायची सोय नाही.

ती नळी धरणाऱ्या बाईची ही गोष्ट. पेशंट तिला नळीताई म्हणतात. दोन आठवड्यांच्या बदलीवर आली होती, त्याला एकोणीस वर्षं झाली. दातात भरायचं सिमेंट काचेवर घोटावं तर तिनंच. डॉक्टरांनी हात पुढे करावा तर त्यात हवं ते हत्यार आधीच पडलेलं. बोलायला घरी तिखट, दवाखान्यात मुकी. पण एकोणीस वर्षं डॉक्टरांची मतं कानांवर पडून पडून तिला ती स्वतःचीच वाटायला लागली होती. रोज एकाच नळाखाली बसलं तर माणूस भिजणारच.

त्या वर्षी गावात एकच विषय होता: रेल्वेच्या फाटकावर पूल हवा की नको. निवडणूकही त्याच्यावरच झाली. नळीताई 'नको'वाली. तिचा धाकटा भाऊ फाटकाशेजारी सायकलींची पंक्चर काढतो; तो 'हवा'वाला. चार महिने दोघं भेटतील तिथं भांडले. निकालाच्या दिवशी त्याच्याच घरी जेवताना ती म्हणाली, "तू कंत्राटदाराचा मिंधा आहेस." तो म्हणाला, "आणि तू दातवाल्याचा पोपट." ती ताटावरून उठली.

आई भावाकडे राहते. तेव्हापासून नळीताई आईला भेटायला दुपारच्या सुट्टीत जायची, तो दुकानात असताना. दारात त्याची चप्पल दिसली की तिथूनच परत. असे आठ महिने गेले. आई म्हणायची, "मी काय बँक आहे, वेळ बघून यायला?"

मग भावाची दाढ ठणकली. चार दिवस त्यानं लवंगेवर काढले, पाचव्या दिवशी गाल सुजला, आणि गावात दाताचा डॉक्टर तर एकच. तो आला. टेबलापाशी बहीण.

"नाव?" तिनं विचारलं.

तो बघतच राहिला. "तूच ठेवलंयस."

"कार्डवर लिहावं लागतं. वय?"

"तुझ्यापेक्षा सहानं कमी. काय लावायचं ते लाव."

आठ महिन्यांतला हा पहिला संवाद. मंडळाच्या इतिवृत्तात याची नोंद नाही.

डॉक्टरांनी भूल दिली, जबडा बधिर झाला, दाढांमध्ये रबराचा ठोकळा बसला. आता माणूस चर्चेला तयार. एकीकडे यंत्र फिरायला लागलं, दुसरीकडे डॉक्टर.

"तुम्ही पूलवाले ना? मी तुमच्या मताचा आदर करतो. करायलाच हवा. पण खरं सांगू का, पूल मागणारे दोनच प्रकारचे. एक अडाणी, दुसरे कंत्राटदाराचे मिंधे. आता तुम्ही अडाणी तर दिसत नाही."

भाऊ "आँ, आँ" करून मान हलवायला लागला.

"दुखतंय? नाही ना? मग पटतंय."

नळीताईच्या हातात नळी होती. मिंधा हा शब्द आपण कुठून उचलला होता ते तिला त्या क्षणी कळलं. आणि आडव्या पडलेल्या, वासलेल्या तोंडाच्या भावाकडे बघून हेही कळलं की जेवताना आपण त्याला वेगळं काही केलं नव्हतं. फक्त ठोकळा नव्हता.

तिनं नळी बाहेर काढली.

नळी निघाली की तोंडात पाणी साचतं, आणि पाणी साचलं की कितीही मोठा अध्यक्ष असला तरी यंत्र थांबवावं लागतं. डॉक्टर थांबले. "ताई, नळी."

"धरते. आधी तो काय म्हणतो ते ऐका."

"अहो, त्याला बोलता येत नाहीये."

"म्हणून तर मी सांगते. फाटक दिवसातून चौदा वेळा पडतं, लोकांची एसटी चुकते. शाळेची मुलं खालून वाकून जातात, ती त्याला दुकानातून रोज दिसतात; तुम्हाला आणि मला दिसत नाहीत. आणि पूल झाला तर पहिलं त्याचंच दुकान जाणार आहे. तरी तो पूल हवा म्हणतो. हा कसला मिंधा?"

"पण तुम्ही तर आपल्या बाजूच्या."

"आहेच. पुलाखाली तीस घरं अंधारात जातील, पूल नकोच. पण तुम्ही म्हणता तसं तो म्हणत नाही. आपण त्याच्या तोंडात काहीही घालतो, डॉक्टर."

भावाचे डोळे पाणावले होते. घशाशी पाणी आलं होतं म्हणून असेल. तिनं घाईनं नळी परत लावली. त्यानं हात वर केला आणि चार बोटं दाखवली.

"चार कारणं? मी तीन सांगितली ना?"

चार बोटं तशीच हलली.

दाढ भरून झाली. अर्धा तास बोलायचं नाही असं सांगून भावाला घरी पाठवलं. डॉक्टर हात धुताना म्हणाले, "ताई, पेशंटसमोर राजकारण नको. आपल्या दवाखान्यात ती पद्धत नाही." म्हणजे एकोणीस वर्षांत तिथं राजकारण पहिल्यांदा केलं ते नळीताईनं. पुढे शनिवारी मात्र त्यांनी मंडळात सांगितलं की आमच्याकडे मदतनीससुद्धा विरोधकाची बाजू मांडते, असं वातावरण मी घडवलंय. टाळ्या पडल्या. भावाला बोलवावं असं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

ते असो. त्याच संध्याकाळी दवाखाना बंद करून नळीताई आईकडे गेली. दारात चप्पल होती. शेजारी आपली काढून ती आत गेली.

भाऊ सुजल्या गालानं पेज पीत होता. "चौथं कुठलं?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

"बस तरी." त्याची जीभ अजून जड होती. "आईला दर मंगळवारी पलीकडे गुडघा शेकायला नेतो. फाटकावर वीस-वीस मिनिटं उभी असते ती. तू दुपारची येतेस, तुला कुठून कळणार? आणि त्या दिवशी सांगणारच होतो, तर तू उठलीस."

नळीताई आईकडे बघायला लागली. आईनं गुडघ्यावर पदर ओढून घेतला.

"मला का नाही सांगितलंस, आई?"

"तू पुलाचं नाव काढू देत होतीस?"

नळीताई बसली. म्हणाली, "पूल तरीही नकोच."

"माहितीये," भाऊ म्हणाला. "घरं अंधारात जातील, आणि खालच्या दुकानांचं गिऱ्हाईक तुटेल. दोन कारणं तुझी. बरोबर?"

"पाच आहेत."

"दोनच ऐकली मी."

"दोनच ऐकलीस, खरंय," ती म्हणाली, आणि आईनं पुढे केलेलं ताट तिनं घेतलं. "तिसरं ऐक. मध्ये बोलू नकोस. आणि मग मला परत म्हणून दाखव."

"गाल दुखतोय गं."

"मग तर ऐकायला काहीच हरकत नाही."