भिकन पेंटरची भिंत

एरंडोलच्या भिकन पेंटरचं पोट दुकानांच्या पाट्यांवर चालायचं, जीव मात्र घरातल्या एका भिंतीत अडकला होता. चुलीसमोरच्या त्या भिंतीवर त्यानं तीन वर्षं खपून सगळं शिवार उतरवलं होतं: पद्मालयाचं तळं, देऊळ, कपाशी, डोंगर. सगळं त्रिकोण-चौकोनांत फोडलेलं, तरी बघताक्षणी ओळखू यावं असं. त्यातली निळी बैलजोडी पाहून गल्ली हसायची. आई झुंबरबाई तर कपाळाला हात लावायची. "चांगला डोंगर व्हता, ह्यानी तुकडा करी टाकात!" गाढवाला गुळाची चव काय, असं भिकन मनात म्हणायचा. आईबद्दल म्हणू नये, पण म्हणायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात त्याचे चित्रकलेचे जुने सर येणार होते. जळगावच्या एका नव्या सभागृहात चित्र काढायला कुणाला बोलवायचं, ते सरांच्या हाती होतं. "आधी तुझी घरची भिंत दाखव," ते म्हणाले होते. त्यांना आणायला भिकन आदल्या दिवशीच धुळ्याला गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं घरात शिरले. भिंत पांढरीफटक होती. तळं नाही, डोंगर नाही, नुसता चुना!

"माय! काय करं हाई?"

"कानबाई बसनार शे, बठ्ठं घर पोतं," झुंबरबाई म्हणाली. श्रावणात कानबाई देवी घरात बसवायच्या आधी सगळं घर चुन्यानं पोतायची खानदेशात रीतच होती. मग ती हळूच म्हणाली, "गल्ली हसस रे भाऊ. मोठा सायेबबी तुनावर हसना तं? तुनं काम जाई म्हनीसन पोती टाकं."

भिकन मटकन खाली बसला. तीन वर्षं एका दुपारीत गेली होती, आणि तीही मायेपोटी. भांडावं तरी कुणाशी?

लेकाचा चेहरा म्हातारीनं पाहिला. ती उठली, भिंतीशी गेली, नखांत चुना अडकलेलं बोट टेकवून बोलू लागली. "आठे तळं व्हतं. त्याना वर देऊळ, पिवळा तिरकोन. आठे निळी जोडी, उजव्या बैलना एक शिंग वाकडं. तठे डोंगर, पाच तुकडा, मधला जांभळा." एक कोपरा चुकला नाही. "भाकरी टाकता टाकता रोज देखेल शे मी. दर कानबाईले हाईच एक भीत सोडेल शे."

चुना पाहून बसला नव्हता एवढा धक्का भिकनला आता बसला. त्याला वाटत होतं, हिनं त्या भिंतीकडे कधी धड पाहिलंच नाही.

सरांनी चुलीतला विझलेला कोळसा उचलून त्याच्या हातात दिला.

"आजी," ते म्हणाले, "पुन्हा सांगा. तळ्यापासून."