सहा नंबरचा आकडा

भूतखेत, दैवी संकेत असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी कारखान्यातली मोजमापाची उपकरणं सांभाळणारा, इन्स्ट्रुमेंटवाला माणूस... मोजता येतं तेच खरं, असं मानणारा. तरीही हे लिहितोय.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. अमळनेरहून येऊन मी सिल्वासात, आमलीला राहत होतो आणि जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात कामाला होतो. आमच्याकडे तेल तापवायची मोठी भट्टी होती. तिच्या पाइपांवर आठ सेन्सर. कॉम्प्युटर दर मिनिटाला आठही तापमानं आपोआप नोंदवायचा, प्रिंटर कागदावर उतरवायचा.

त्या आठवड्यात सहा नंबरचा सेन्सर जळाला. नवा मुंबईहून यायचा होता. मी जुना काढून भोक बोल्टने बंद केलं आणि कॉम्प्युटरकडची वायरही सोडवली. सहाच्या रकान्यात नुसत्या रेघा येत होत्या.

शुक्रवारी दुपारी जेवण उरकून आलो, तर तिथे आकडा... २५२. मग २५९. २६८. बाकीचे सात स्थिर!

मी कॉम्प्युटरच्या मागे जाऊन पाहिलं. वायर सुटलेलीच होती. भट्टीचे ऑपरेटर रमणभाई, तिथल्याच खेरडी गावचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांना म्हटलं, कॉम्प्युटरमधलं कार्ड बिघडलंय, लक्ष देऊ नका. ते स्क्रीनकडे बघत राहिले. भट्टीच्या भिंतीपलीकडे पॅकिंगच्या बारा बायका बसलेल्या.

"साहेब, वायर नथी ते मला पन माहीत," ते हळू म्हणाले. "पन आकडा तर आला ना? बंद करू."

का कोण जाणे, मी मान डोलावली आणि आम्ही भट्टी बंद केली. मॅनेजरची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

सकाळी भट्टी थंड झाल्यावर उघडली. सहा नंबरच्या जागी पाइपचं वळण आतून झिजून कागदासारखं पातळ झालं होतं, चिरेतून तेल पाझरत होतं. रमणभाईंनी डोक्यावरची टोपी काढली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला... भीतीचा नव्हे. देवळात गाभाऱ्यापुढे येतो ना, तसा.

कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस राहिला. त्याने कार्ड तपासलं, बदलून पाहिलं, प्रोग्राम चाळला. सगळं ठीक. सहाच्या रकान्यात पुन्हा रेघाच.

जाताना तो रिपोर्ट भरायला बसला. 'कारण' या शब्दापुढे पेन टेकवून त्याने मला विचारलं, "तुम्ही काय लिहिलं असतं?"

मी शुक्रवारचा प्रिंटरचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने खाली सही केली आणि ती ओळ कोरीच सोडली.