घरच्या बॅगेची चाकं

आमच्या वहिनीचं दुकान बॅगा दुरुस्तीचं. एक शटर, एक जड शिलाई मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या चेनी आणि जुन्या बॅगांच्या काढलेल्या चाकांनी भरलेले डबे. एरवी गिऱ्हाईक तुरळक. सुट्ट्या तोंडावर आल्या की मात्र सगळ्यांना एकदम आठवतं, अरे, आपल्या बॅगेचं चाक तुटलंय! वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलेली बॅग वहिनीकडून उद्या सकाळीच हवी असते.

आणि वहिनीच्या तोंडून ‘नाही’ निघेल तर शपथ. कमरेला पट्टा आवळून ती दिवसभर राबायची, उभ्याउभ्या दोन घास पोटात ढकलायची. मापाचं चाक डब्यात सापडलं नाही, तर घरच्या बॅगेचं काढून द्यायची. “आपल्याला कुठे जायचंय!” मग लोक हसतखेळत गावाला जायचे आणि ही तापानं फणफणून अंथरूण धरायची. माझा भाऊ उशाशी औषधं घेऊन बसलेला. तिचे बाबा फोनवर विचारायचे, कधी येतेस? ती म्हणायची, “कशी येऊ बाबा, बॅगच मोडलीय.” ते बिचारे हसायचे. माझं मात्र डोकं फिरायचं.

यंदा हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बाबांची नजर झपाट्यानं कमी होत चालली होती. पुढच्या सुट्टीपर्यंत त्यांना कुणाचा चेहरा दिसेल याचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वहिनीनं ते ऐकलं, डोळे पुसले आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

मग मीच दुकानात ठाण मांडलं. दुरुस्तीच्या बॅगांची रांग दाराबाहेर जायला लागल्यावर पाटी लावली : सुट्टीआधीची कामं घेणं बंद.

“लोक काय म्हणतील गं?”

“म्हणू देत. तुला ताप आला की बघायला येतात का ते?”

चाकांचं ताकदीचं काम सकाळी, मनगटात जोर असताना. चेनी आणि शिलाई दुपारनंतर, बसून. जेवताना शटर अर्धं खाली. पहिल्या दिवशी बाईसाहेब शटरखालून वाकून, बाहेर कुणाच्या चपला दिसतात ते बघत जेवल्या. हळूहळू तिला घासाची चव कळायला लागली. एका दुपारी तर जेवून ती खुर्चीतच पेंगली. मला इतका आनंद झाला की मी शटर पूर्णच खाली ओढलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिची भरलेली बॅग दुकानात आणून ठेवली होती. शेवटच्या दोन बॅगा लोक घेऊन गेले, की ती निघणार. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई तुटक्या चाकाची बॅग ओढत आल्या. दुपारची गाडी आहे म्हणाल्या. वहिनीनं डबे उलटेपालटे केले. ते माप कुठेच नव्हतं. होतं ते तिच्या स्वतःच्या बॅगेला.

ती पेचकस घेऊन खाली बसली. मी सरळ जाऊन तिच्या बॅगेवर बसले.

“ऊठ गं. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दर वर्षी दोन मिनिटांचंच असतं.”

वहिनीनं माझ्याकडे रागानं पाहिलं. मग हातातला पेचकस खाली ठेवला. शेवटी मान खाली घालूनच म्हणाली, “बाई, यंदा नाही जमणार. मला बाबांकडे जायचंय.”

“अहो, मग आधी सांगायचं नाही का! मी नेईन उचलून,” बाई म्हणाल्या आणि खरंच बॅग उचलून गेल्यासुद्धा.

इतक्या वर्षांत एवढंच बोलायचं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला. बाबांनी उचलला आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागले.

“आल्यापासून झोपलीय गं. जेवायला तेवढी उठली होती.”

“ताप आहे का?”

“छे, हात लावून बघितला ना. नुसती झोप.”

“मग उठवा की बाबा. इतक्या लांबून तुम्हाला भेटायला आलीय ती.”

“नको नको,” ते घाईनं म्हणाले. “जागी असली की सारखी इकडून तिकडे पळते, मला नीट दिसतच नाही. आता खुर्ची अगदी जवळ घेऊन बसलोय.”