ढोलाचा उशिरा पोचणारा ठोका

"आवाज एका सेकंदात तीनशे तीस किलोमीटर जातो," असं मी मुलीला ठणकावून सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता, आणि आत्मविश्वास घासापेक्षा मोठा होता.

मुलगी आठवीत. तिने पेन्सिल खाली ठेवली, जरा विचार केला आणि म्हणाली, "पप्पा, मग जळगावला मोठी आई ओरडते ते आपल्याला इथं धुळ्यात लगेच ऐकू यायला पाहिजे."

मोठी आई म्हणजे माझी वहिनी. तिचा आवाज तसा दमदार. मी म्हटलं, "वारा उलटा असेल."

वहिनीचा मुलगा समोरच बसला होता. माझ्या मुलीच्याच वयाचा, कानबाईच्या सणासाठी दोन दिवस आधी आमच्याकडे आलेला. तो हळूच म्हणाला, "काका, मीटर. तीनशे तीस मीटर."

"तेच म्हटलं मी."

"आणि उजेड तीन लाख किलोमीटर."

"तासाला," मी म्हटलं.

"सेकंदाला!" दोघं एकदम ओरडले. स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. तो मात्र अजिबात उशीर न लागता आला.

मी बी.कॉम. झालेला माणूस. कचेरीत आवक-जावक सांभाळायचो. विज्ञान दहावीला सोडलं ते सोडलंच, आणि मधल्या वीस-बावीस वर्षांत त्यानेही माझी चौकशी केली नव्हती. पण पोरीवर वेळच तशी आली होती. शिंदखेड्याला विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि तिच्या वर्गातून एकच मुलगी तिथं जाऊन बोलणार होती. विज्ञानाच्या बाईंनी अट घातली होती: उजेडापेक्षा आवाज सावकाश चालतो हे स्वतःच्या डोळ्यांनी कुठं पाहिलं ते मंगळवारी सांगायचं. वीज आणि गडगडाट हे पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही. वर्गातल्या एका मुलीच्या मामाकडे परवान्याची बंदूक होती, म्हणजे आधी धूर दिसणार आणि मग बार ऐकू येणार, त्यामुळे आमची मुलगी चार दिवस जेवणात लक्ष देत नव्हती.

"आपल्याकडे कोणाकडेच कसं काही नाही?" ती म्हणाली.

तिथं मला सुचलं. आपल्याकडे बंदूक नाही, पण ढोल आहे.

कानबाई ही आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. नारळालाच नाकडोळे करतात, नथ घालतात, साडी नेसवतात. रविवारी ती बसते, सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, नैवेद्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, होतात, आणि सोमवारी सकाळी बायका तिला पाटावर घेऊन, डोक्यावर धरून, नाचत-गात नदीवर नेतात. त्या वर्षी मान आमच्या घरी होता आणि पाट माझ्या बायकोच्या डोक्यावर असणार होता. पुढे ढोलवाला. आमच्या घरचा नियम असा, की देवी डोक्यावर चढली की ती नदीला टेकेपर्यंत ढोल थांबू द्यायचा नाही.

माझा बेत सोपा होता. मिरवणूक पांझरा नदीच्या काठावर पोचली की आम्ही तिघं लांब उभं राहायचं. ढोलावर काठी पडताना आधी दिसेल, धम्म नंतर ऐकू येईल. संपलं. शिंदखेडा.

सकाळी ढोलवाला आल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "आज जरा सावकाश वाजव."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊ, इतलं धीरे वाजाडसू तर बाया नाचतीन कशा?"

ते खरंच होतं. मग मी दुसरी सोय करून ठेवली. "बरं, तुझ्या चालीनं वाजव. पण मी लांबून रुमाल हलवला तर थांबायचं, आणि मग एकच ठोका मारायचा. एकच."

"एकच?"

"एकच. पोरीच्या शाळेचं काम आहे."

शाळेचं म्हटल्यावर त्याने मान डोलावली. घरचा नियम मला त्या क्षणी आठवला नाही. आठवला असता तरी मी रुमालापर्यंत वेळ येणार नाही असंच धरून चाललो होतो.

मिरवणूक निघाली. आम्ही तिघं पुढं जाऊन नदीकाठच्या मोकळ्या वाटेवर उभे राहिलो. थोड्या वेळानं वळणावर बायका दिसल्या, मधे पाट धरलेली माझी बायको, पुढं ढोलवाला. वळणावर जागा ऐसपैस, म्हणून तिथं फुगड्या सुरू झाल्या आणि सगळं तिथंच रंगलं. यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठं मिळणार?

"बघा आता काठीकडे," मी म्हटलं.

मुलीने डोळे बारीक केले. "हो! काठी पडली, आणि मग आवाज. अगदी थोडासा मागे!"

पुतण्या म्हणाला, "मला तर बरोबरच वाटतंय."

"थोडासा आहे म्हणून," मी म्हटलं. "लांब गेलं की फरक वाढेल. चला मागे."

इथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. आम्ही वाटेने मागं गेलो, वळून पाहिलं, तर भलतंच. काठी वर, हवेत, आणि ढोलाचा धम्म ऐकू येत होता. काठी खाली ढोलावर, तर शांतता. परत काठी वर, परत धम्म.

"काका," पुतण्या म्हणाला, "तो मारायच्या आधीच वाजतंय."

"असं कसं होईल?"

"बघा ना. हात वर आहे, आणि वाजलं."

मुलगी रडवेली झाली. "पप्पा, मग आवाज आधी येतो का?"

मी चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता, पण काहीतरी पुसणं भाग होतं. "अजून मागे जाऊ," मी म्हटलं. गोंधळलेल्या माणसाला मागे जाणं नेहमीच सोयीचं वाटतं.

आणखी मागे गेलो. आता माणसं लहान दिसत होती, पण हात वर-खाली होताना स्पष्ट कळत होता. आणि आता काठी आणि धम्म दोन्ही बरोबर! तंतोतंत. काठी पडली की धम्म, पडली की धम्म, जणू आम्ही ढोलाला टेकूनच उभे होतो.



"म्हणजे जवळ असताना आवाज मागे राहतो," मुलगी बोटावर बोट ठेवत म्हणाली, "मधे गेलं की तो पुढे पळतो, आणि फार लांब गेलं की उजेडाला गाठतो? हे मी उद्या बाईंना सांगू?"

"बंदुकीवाली जिंकणार," पुतण्या म्हणाला. तिने त्याला चिमटा काढला. चिमटा आणि त्याचं ओरडणं मात्र एकदमच आलं. वेगाचं तेवढं एकच उदाहरण मला पटलं, आणि मी तिला रागावलो.

आता काहीतरी करणं भाग होतं. मी खिशातून रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर हलवला.

ढोलवाला शब्दाचा पक्का निघाला. ढोल थांबला.

आणि ढोलाबरोबर सगळंच थांबलं. फुगड्या सुटल्या. बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. माझी बायको डोक्यावरचा पाट दोन्ही हातांनी धरून, मान न हलवता, फक्त डोळे फिरवत उभी. ते एवढ्या लांबून मला दिसलं असं म्हणणं खोटं होईल, पण मला ते दिसलं. मग ढोलवाल्याने हात वर नेला आणि एकच ठोका मारला. काठी ढोलावर पडलेली दिसली. काही नाही. आणि मग, श्वास घ्यावा एवढ्या अवकाशानं, धम्म.

"आला!" मुलगी ओरडली. "पप्पा, उशिरा आला! चांगलाच उशिरा!"

पण आता अक्का पुढे आल्या होत्या. अक्का म्हणजे माझी चुलती, भाऊबंदकीतली सगळ्यात वडीलधारी. त्यांनी हात उगारला, तोंड उघडलं, आणि आधी नुसतं तोंडच दिसलं. मग शब्द पोचले: "काय व्हयनं रे? कोन पडनं का?"

मी धावत गेलो. धावताना वाटेत पुढचं वाक्यही समोरून आलं. "आरे, येडा शे का तू? देवी डोकावर शे अन् रुमाल काय हालाडस?"

मी शाळेचं सांगितलं, प्रदर्शनाचं सांगितलं, तीन लाख किलोमीटरचंही सांगितलं. अक्कांनी मला देवीपुढं नाक घासायला लावलं, आणि ढोलवाल्याला म्हणाल्या, "वाजाड रे तू. याले काय कळत नही." बायको काहीच बोलली नाही. पाट डोक्यावर असताना बोलता येत नाही असं नाही. ती बोलली नाही एवढंच.

दुपारी रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी खाताना घरात सगळे माझ्याकडे बघून हसत होते, आणि मुलगी ताटापाशी नुसती बसली होती. एक ठोका उशिरा आला हे तिला बाईंना सांगता येणार होतं. पण मग बरोबर कसा येत होता? ते सुटल्याशिवाय ती बोलायला उभी राहणार नाही, असं तिने जाहीर केलं. मी तिला म्हटलं, तेवढा भाग गाळून टाक. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भाजी वाढून घेतली.

मग पुतण्या खीर पिता पिता म्हणाला, "येताना पारोळ्याला असंच झालं. धुळ्याची गाडी तिथं दर तासाला असते. दहाची एस.टी. आली नाही. अकराला आली. तोवर जे नवीन लोक आले होते ते म्हणाले, वा, अकराची गाडी आज वेळेवर!"

मुलीने मान वर केली. "ती अकराची नव्हतीच."

"नव्हतीच. दहाची होती. उशीर झालेली."

"आणि पूर्ण एक तास उशीर म्हणून वेळेवर वाटली!" ती ताटावरून उठली, हात न धुता. "पप्पा, आपल्याला ऐकू येत होता तो मागचा ठोका! काठी दिसत होती ती पुढची! मागचा ठोका इतका उशिरा आला की पुढच्याबरोबर जुळला!"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. मला काही कळलं नव्हतं.

मंगळवारी ती वर्गात उभी राहिली आणि सगळं बोलली: ढोल, रुमाल, अक्का, पारोळ्याची एस.टी. बंदुकीवालीचं एका वाक्यात संपलं होतं. हिचं तासभर चाललं, कारण निम्म्या वर्गाला कळलं नाही आणि बाईंनाही पहिल्यांदा कळलं नाही. मग बाईंनी सगळ्यांना मैदानावर नेलं, लेझीमचा ढोल एका टोकाला वाजवायला लावला आणि स्वतः मागे मागे चालत गेल्या. परत आल्या त्या हसत. शिंदखेड्याला आमची मुलगी जाणार होती.

संध्याकाळी ती हे सांगत अंगणभर नाचत होती. मी तिला बसवलं आणि म्हटलं, आता मला एकदा नीट समजव, प्रदर्शनात कोणी विचारलं तर बाप म्हणून माहीत पाहिजे. तिने समजावलं. मी विचारलं, पण काठी वर असताना आवाज कसा? तिने परत समजावलं. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण आपण मागे गेलो त्याचा एस.टी.शी काय संबंध?

बायको उरलेला रोट दुधात कालवत ओट्यापाशी उभी होती. सोमवारपासून माझ्याशी ती तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"पोरीला कळलं ना? मग तिला झोपू द्या. तुम्हाला कळेपर्यंत थांबलो तर पुढच्या वर्षीची कानबाई येईल."