शीळच्या वेशीवरचे बापू

बापूंची गावात शिरण्याची एक तऱ्हा होती. वेशीवर पागोटं काढायचं, देवीच्या वणांनी भरलेला आपला चेहरा उन्हात धरायचा आणि जमलेल्या बायकांना सांगायचं, "आधी हे बघा. मग पोरं लपवायची तर लपवा." बायका चेहरा नीट बघायच्या आणि तरीही पोरं लपवायच्या.

बापू सरकारी देवी टोचणारे. कल्याणहून निघायचे ते डोंबिवली, मानपाडा, काटई, निळजे करत शीळपर्यंत, सारं पायी, भाताच्या बांधांवरून. तेव्हा आमच्याकडे लस बाटलीतून येत नसे, ती पोराच्या दंडावर वाढायची. एका गावात पोराला टोचायचं, आठव्या दिवशी फोड भरला की तेच पोर पुढच्या गावी न्यायचं आणि त्या फोडातल्या पाण्याने तिथल्या पोरांना टोचायचं. मध्ये कुठे आईबाप अडून बसले की पुन्हा पहिल्यापासून. "आपण नुसते हमाल, मास्तर," बापू मला म्हणायचे. "माल पोराच्या दंडावर."

मी मानपाड्याच्या शाळेत मास्तर होतो. त्या उन्हाळ्यात शीळला देवीची साथ आली आणि रोज कुणाचं तरी पोर जाऊ लागलं. आमच्या सबंध टापूत तेव्हा भरलेला फोड एकच, आमच्या गावच्या पोशीच्या तान्ह्या मुलीच्या दंडावर. पोशीची धाकटी बहीण शीळला दिलेली, तिचा मुलगा अजून धड होता. तरी पोशी निघायला तयार होईना. फोड म्हणजे साक्षात आई, तिला वेशीपार न्यायची कशी? सरकारी माणसाने कुणबिणीच्या पायाशी पागोटं ठेवलेलं मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी ती कबूल झाली, पण आईची पाठवणी रीतीने करीन आणि मास्तर बरोबर हवेत, म्हणाली.

पाठवणी बायकांची. आम्हा दोघांना वेशीबाहेर उभं केलं होतं. पोशी आली ती मुलीचा दंड कोऱ्या फडक्यात गुंडाळूनच. ऊन चढत होतं, बापूंनी ते सोडून पाहिलं नाही. ते जवळजवळ पळतच होते.

खिडकाळीच्या देवळापाशी मुलगी रडायला लागली, म्हणून आम्ही तळ्याकाठी टेकलो. बापूंनी फडकं सोडलं. दंडाला दहीभात चोपडलेला होता. तो पुसला, तर खाली फोड फुटून सपाट झालेला.

"आई चालली, तिला उपाशी कशी धाडू?" पोशी समाधानाने म्हणाली. "चोलून चोलून भरवलाय. निवाली बाय माझी." मग तिचं लक्ष बापूंच्या तोंडाकडे गेलं. "बापू, माझं काय चुकलं का?"

बापूंनी फडकं पुन्हा बांधलं. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला.

"तुझं काय चुकणार, पोशे? फोड कालच सुकला होता. मला यायला उशीर झाला."

मी तोंड उघडलं. बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

शीळमध्ये बहीण मुलाला उघडा करून, कडेवर घेऊन वेशीवर उभी होती. बापूंनी तिलाही तेच सांगितलं, सगळ्या गावाला सांगितलं, आणि तसेच उलट्या पावली कल्याणला निघाले. वाटेत पोशी मुलीला घेऊन जरा मागे राहिली, तेव्हा मी चिडून विचारलं, खोटं का बोललात?

"मास्तर, तिला याच हातांनी अजून ही पोर वाढवायचीय."

नवा फोड धरून बापू परत येईपर्यंत बहिणीचा मुलगा गेला होता. गावाने त्यांना वेशीवरूनच दगड मारून हाकललं. पुढे इतर गावांत पाठवणी झाली की दंड बापू स्वतः धरून बसायचे आणि नैवेद्य पोराच्या तोंडात घालायला लावायचे. शीळने मात्र त्यांना पुन्हा आत घेतलं नाही. तरी दर फेरीला ते तिथवर जायचे, वेशीवर पागोटं काढून बसायचे, आणि कुणी आलं नाही की परत फिरायचे.

परतताना ते पोशीकडे थांबत. उन्हातून आलेल्या माणसाला थंड बरं, म्हणून ती पानावर दहीभात वाढायची. आणि वाढता वाढता, रागाने नव्हे, नुसतं सांगायची, "बापू, तुमी एक दिस आधी आले असते तं माझा भाचा रायला असता."

"हो," बापू म्हणायचे, आणि पानावरचं शेवटचं शीतसुद्धा बोटाने टिपून खायचे.