छताकडं बघणारी मावशी

लातूरहून मदुराईला निघालेल्या सहलीच्या बसमध्ये माझ्या शेजारी रेणापूरच्या एक मावशी होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. मदुराईच्या बाजारात सकाळी त्यांनी साड्यांचा ढीग उपसायला लावला. एकेक साडी दारातल्या उन्हात नेऊन डोळ्यांजवळ धरायच्या. घेतली एकही नाही. दुकानदार वैतागला.

दुपारी देवळात सगळे दर्शनाच्या रांगेत शिरले. मावशी मात्र मान वर करून छतावरची रंगीत नक्षी बघत उभ्या होत्या.

मी म्हणाले, "मावशी, रांग पुढं सरकायली. दर्शन राहून जाईल."

"देव काय, डोळे मिटले तरी दिसतो म्हणतेत," त्या म्हणाल्या. "रंग न्हाई दिसायचे. डॉक्टर म्हणले, दिवाळीपर्यंत दोन्ही डोळे जाणार. काय बघायचं ते बघून घ्या."

मीही रांग सोडून त्यांच्या शेजारी उभी राहिले.

परतलो तेव्हा लातूरला त्यांचा मुलगा न्यायला आला होता. मावशींनी पिशवी खाली ठेवली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला. बराच वेळ सोडेनात.

"आई, लोक बघायलेत," तो ओशाळून म्हणाला.

"बघू दे," त्या म्हणाल्या. "मलाबी बघू दे."